पाटी एक, गळे अनेक

पाश्चात्य रॉक-संगीताचा इतिहास लिहिताना गिटारवादकांना जहागिरी बहाल करावयाची आणि गायकांना हुजऱ्यांच्या रांगेत उभे करावयाचे, हा जो रिवाज पडला आहे तो आम्हांस न्याय्य वाटत नाही. म्हणूनच प्रस्तुत अंक आम्ही १९६७ साली लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या ‘थ्री डॉग नाइट’ या वृंदास वाहिला आहे. डॅनी हटन, कोरी वेल्स आणि चक नेग्रॉन या तिघांत कायमचा मुख्य गायक असा कोणीच नव्हता: ‘वन’ची धुरा नेग्रॉन यांच्याकडे, ‘ममा टोल्ड मी नॉट टू कम’ची वेल्स यांच्याकडे, ‘ब्लॅक अँड व्हाइट’ची हटन यांच्याकडे, आणि उरलेले दोघे स्वरसाथीला. गीते बहुधा परक्यांची, म्हणजे हॅरी निल्सन, रँडी न्यूमन, हॉइट अ‍ॅक्स्टन यांची. परंतु तेवढ्यावरून या तिघांना उसनवारीचे गायक ठरविणाऱ्या टीकाकारांशी आमचा स्पष्ट मतभेद आहे. (कवी निराळा, गायक निराळा, याचे मराठी रसिकाला कसले नवल!)

१९७६ साली वृंद मोडला, १९८१ साली पुन्हा जुळला, १९८५ साली व्यसनापायी नेग्रॉन बडतर्फ झाले, २०१५ साली वेल्स निवर्तले. तरीही हटन यांनी नव्या साथीदारांनिशी तीच पाटी पुढे चालविली. जुन्या वृंदांचे असे बदललेले संच आजही रंगमंचावर येत असताना, श्रोता तिकिटाचे दाम नावासाठी मोजतो की गळ्यासाठी, याचा धांडोळा या अंकातील लेखांनी घेतला आहे. वाचकांनी आपला अभिप्राय, विशेषतः विरोधी असल्यास, आम्हांस अवश्य लिहून कळवावा.