यांत्रिक करवतीचें पातें आणि बागाइतदाराचें कर्तव्य

बॅटरीवर चालणारी, पातें मागेंपुढें हलविणारी करवत आतां आपल्या बागांतून दिसूं लागली आहे. आंबा, चिकू, डाळिंब यांच्या जाड फांद्या छाटण्यास ती उपयोगी पडते, यांत शंका नाहीं. परंतु खरेदी करतांना बॅटरी किती वेळ टिकते एवढेंच विचारलें जातें. पात्याची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः लांकूड कापतें तें पातें, आणि तें झिजणारेंच असतें. त्याची सर्व व्यवस्था गड्यावर सोपवून मालकानें निश्चिंत रहावें, हें आमच्या मतें योग्य नव्हे.

पातें बदलण्यापूर्वीं बॅटरी काढून बाजूस ठेवणें, हा पहिला नियम होय. या करवतीस तार नसल्यामुळें ती बंदच आहे असा भ्रम सहज होतो. परंतु बॅटरी जागेवर असतां खटक्यावर नकळत बोट पडलें, तर बोटें गमावण्याची पाळी येते. काम थांबतांच पात्यास उघडा हातहि लावूं नये, कारण घर्षणानें तें फार तापलेलें असतें. जाड हातमोजे घालून, यंत्राच्या रचनेप्रमाणें पकडीचें कडें फिरवावें अगर खिट्टी उचलावी, म्हणजे पातें सुटतें. न सुटल्यास ठोकूं नये. बहुधा पकडींत भुसा व चीक घट्ट बसलेला असतो. तो ब्रशानें काढून पातें पक्कडीनें सरळ पुढें ओढावें. नवें पातें बसविल्यावर तें एकदां ओढून पहावें व मगच बॅटरी लावावी.

ओल्या लांकडास इंचाला पांच-सहा दाते असलेलें पातें घ्यावें. लोखंड कापण्याच्या बारीक दात्यांत ओला भुसा अडकतो व पातें तापतें. विळ्याप्रमाणें हेंहि घासून वापरूं, असें कित्येक म्हणतात. परंतु यांतील बहुतेक पात्यांचे दाते विशेष कठीण केलेले असल्यामुळें साध्या कानशीनें त्यांस धार येत नाहीं. बोथट पात्यानें साल फाटते, जखम लवकर भरत नाहीं, आणि गडी जोर लावूं लागला म्हणजे पातें वांकतें किंवा मोडतें. वांकलेलें अथवा चीर गेलेलें पातें पुन्हा वापरूं नये.

स्वच्छतेचें महत्त्व याहून कमी नाहीं. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जंतू छाटणीच्या हत्यारांवाटे झाडोझाड पसरतात. यास्तव एका झाडावरून दुसऱ्याकडे जातांना, बॅटरी काढून, पातें सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणानें निर्जंतुक करावें. या द्रावणानें लोखंड गंजतें. म्हणून दिवसाअखेर पातें धुऊन, कोरडें करून तेलाचा हात द्यावा. जाड फांदीच्या कापावर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी.

इतका खटाटोप व पात्यांचा खर्च कशास, असें कोणी म्हणेल. वीस वर्षें वाढविलेलें झाड आणि गड्याचीं बोटें यांपुढें एका पात्याची किंमत ती काय? पात्यांचा खर्च मजुरीप्रमाणेंच छाटणीच्या हिशेबांत धरावा, हंगामापूर्वीं पुरेशीं पातीं आणून ठेवावीं, आणि गड्यानें नवें मागितलें असतां तें कुरकुर न करतां द्यावें, एवढीच आमची बागाइतदार बंधूंस आग्रहाची सूचना आहे.