गाठ माझ्याच हातची

सीताफळाच्या दिवसातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. दुपारी चारच्या सुमारास लाइन गेली आणि मिक्सरमधलं वाटण तसंच राहिलं. मुलगा शिकायला अमरावतीला, घरात आम्ही दोघंच. हे म्हणाले, "चाल वं, पाय मोकळे करून येऊ."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण काही काम नसताना आम्ही दोघं धारणीत पायी फिरल्याचं मला आठवत नाही. बँक, दवाखाना, बचत गटाची मीटिंग, कुणाकडे हळदीकुंकू, असंच आपलं बाहेर पडणं! त्या दिवशी मात्र पायात चपला सरकवल्या आणि निघालो. कुठे जायचं ते ठरलंच नव्हतं.

बसस्टँडवर गरम भजी खाल्ली. तिथून पाय आपोआप बाजाराकडे वळले. बाजार उठायला आला होता. एक म्हातारी कोरकू बाई सागाच्या पानांवर सीताफळांचे वाटे मांडून बसली होती. मी शेवटचे दोन वाटे घेतले. तिने टोपलीखालून पन्नी काढली. मी सवयीने म्हटलं, "अहो आजी, तुम्ही कशाला पन्नी ठेवता? बंदी आहे ना!" ती हसली. म्हणाली, "बाई, पन्नी नहीं दी तो लोग लेते नहीं." पन्नीचे पैसे तीच भरते, हेही तिने सांगितलं.

मी गप्प झाले. कारण ते 'लोग' म्हणजे मीच होते. घरून निघताना मी तरी कुठे पिशवी घेतली होती? शेवटी ह्यांच्या रुमालात सीताफळं बांधली. आजीने उरलेली पानं तिथेच बाजूला टाकली. दोन बकऱ्या आल्या आणि पानं खाऊन गेल्या. तिचा कचरा तिथंच संपला.

घरी परतताना नाल्याकाठच्या रस्त्याने आलो. तिथं एक गाय कचऱ्यात तोंड घालून उभी होती. तिच्या पायाशी एक हिरवी पिशवी पडली होती. साडीच्या दुकानातली. तोंडाला दुहेरी गाठ. ती गाठ मी ओळखली. सकाळी भाजीची देठं आणि शिळी पोळी भरून मीच ती मारली होती! गटात बायकांना पर्यावरणावर भाषण देणारी मी, त्या गायीसमोर अगदी ओशाळून उभी राहिले. ह्यांनी काही न बोलता पिशवी उचलली, गाठ सोडली आणि पोळी गायीपुढे ठेवली.

मैत्रिणींनो, गायीला गाठ सोडता येत नाही. आतल्या अन्नाच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, ते पोटात साठत जातं. पोट भरलेलं दिसतं आणि जनावर उपाशी खंगतं. आणि ती कापडासारखी दिसणारी दुकानातली पिशवीही बहुधा प्लास्टिकचीच असते बरं का! छोटासा तुकडा जाळून पाहा, वितळून आकसला तर समजा.

आपलं मेळघाट वाघासाठी जगभर प्रसिद्ध. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं नाव होतं. त्यामुळे पर्यावरण म्हटलं की आपल्याला वाघच आठवतो, आणि ते काम वनखात्याचं वाटतं. पण सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या आपल्या सगळ्या नद्या तापीला मिळतात, आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सागाचं नाव मिरवणाऱ्या नदीत आपण पन्न्या सोडायच्या का?

राज्यात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार रुपये दंड. २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा चांगलाच आहे. पण पाच हजारांची धास्ती सगळ्यात जास्त कुणाला? दिवसभर बसून चार वाटे विकणाऱ्या त्या आजीला! पन्नी ठेवली तर दंड, नाही ठेवली तर गिऱ्हाईक जातं. हा पेच तिला सुटणारा नाही. तो आपणच सोडवायचा, कारण पन्नी मागतो आपणच.

आणि हे काही फार अवघड नाही. जुन्या लुगड्याच्या पिशव्या आपल्यापैकी निम्म्या जणींना शिवता येतात. आमच्या गटाने ठरवलंय, दर बाजाराला पंचवीस पिशव्या घेऊन बसायचं. पिशवी विसरली त्या बाईने न्यावी, पुढच्या बाजाराला परत आणावी. ओला कचरा मात्र गाठ मारून फेकायचा नाही. परसात खड्डा करा, जागा नसेल तर जुन्या माठात कुजवा.

आता बाजाराच्या दिवशी लाइन असो की नसो, आम्ही दोघं फिरायला निघतो. दाराशी चपला घालताना हे आठवणीने विचारतात, "पिशवी घेतली का वं?"

तुमच्या घरी कोण विचारतं?