एका फळीचे ग्रंथालय

बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. आमच्या घरी एकच फळी आहे. तीवर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, अण्णाभाऊंची ‘फकिरा’ आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८). ‘बलुतं’ विशीत वाचले तेव्हा आम्ही संतापलो होतो. पन्नाशीत त्यातील आईच अधिक दिसली.

आईबाप ऊसतोडीला गेले की तेलगावच्या वसतिगृहातील मुले या फळीशी येतात. फाटतील म्हणून पुस्तके कुलपात ठेवणे आम्हांस मान्य नाही. ‘फकिरा’ची सध्याची प्रत तिसरी आहे. पहिल्या दोन परत आल्या नाहीत. वाईट वाटले, नाही असे नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे त्या असतील, तर आम्हांस परत नकोत. आपल्या गावातील एखाद्या मुलीच्या हाती द्याव्यात.