गाव लहान, म्हणून बिनकामाचे?



1789 च्या राज्यक्रांतीने फ्रान्समध्ये गावागावाला स्वतःची नगरपालिका दिली. तिला तिकडे कम्यून म्हणतात. गाव दीडशे वस्तीचे असले तरी निवडलेला मेयर, 11 सभासद, स्वतःचे अंदाजपत्रक आणि कराचा दर ठरवण्याचा हक्क. 2015 च्या आरंभी अशा 36 हजारांवर कम्यून होत्या. 2019 उजाडताना त्या 35 हजारांच्या खाली आल्या. गावे ओस पडली म्हणून नव्हे. मोठ्या कम्यूनमध्ये विलीन केली म्हणून.

डाव ओळखीचा आहे. 2010 च्या कायद्याने 'नवी कम्यून' निघाली, पण गावे फारशी हलली नाहीत. मग 2014 ते 2017 या काळात पॅरिसने गावांच्या अनुदानाला कात्री लावली, आणि 2015 साली कायदा केला की लवकर विलीन होतील त्यांचे अनुदान तीन वर्षे कापणार नाही. आधी विहीर आटवायची, मग टँकर घेऊन दारात यायचे! याला ते स्वेच्छा म्हणतात.

नॉर्मंडीतले लिव्हारो चीजसाठी प्रसिद्ध. 1 जानेवारी 2016 ला तिथे 22 कम्यूनची एक झाली. गणित करा. सर्वांत लहान कम्यूनलाही सात सभासद, म्हणजे पूर्वी कमीत कमी 154 माणसे कारभार पाहत होती. आता एवढ्या वस्तीला कायदा देतो तीसच्या आसपास. जुन्या गावाला एक प्रतिनिधी मेयर मिळतो. तो लग्ने लावतो, जन्ममृत्यू नोंदवतो. तिजोरी त्याच्याकडे नाही. गट ग्रामपंचायतीतल्या वाडीला हे समजावून सांगायला नको.

लहान गावाला खर्च झेपत नाही, मेयर व्हायला माणूस मिळत नाही, हे खरे आहे. पण पाणी, रस्ते, शाळा यांसाठी गावांनी संघ करावा, अशी सोय फ्रान्समध्ये 1890 पासून आहे. त्यासाठी गाव मोडावे लागत नाही. कृषी महाविद्यालयात आम्हालाही शिकवले होते, मोठे तेवढे किफायतशीर. चार एकर कोरडवाहूत ज्वारी-कापूस घेणाऱ्याने हे व्याख्यान किती वेळा ऐकले असेल!

आणि सर्व कम्यूनच्या सभासदांनी ठराव केला, तर गावकऱ्यांचे मत घेण्याचे बंधन नाही. सरकारी प्रीफे, म्हणजे त्यांचा कलेक्टर, हुकूम काढतो. आमचे म्हणणे सरळ आहे : ठराव असो वा नसो, आधी गावागावात मतदान घ्या, आणि नको म्हणेल त्या गावाला हात लावू नका.