मेडशीत घर घेताय? नुसत्या नमुना आठवर भागत नाही

मालेगाव : अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावात पोरं शहरात स्थिरावली की गावठाणातलं घर विकायला निघतं. नमुना आठ दाखवून, स्टॅम्पवर सह्या घेऊन व्यवहार अनेकदा उरकला जातो. गोम इथंच आहे. नमुना आठ ही घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार घराचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीनं भागत नाही. वडिलोपार्जित घरात बहिणींचाही हिस्सा असतो; २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलाइतकाच हक्क दिला. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळते. त्यामुळे इसार देण्याआधी पत्रिकेवरची नावं आणि सगळ्या वारसांची संमती बघा. नाहीतर पैसे जातात, घर कोर्टात अडकतं.