पिल्लाचा दात आणि माणसाचा हात

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की घरात हौसेने आणलेले पिल्लू चावरे निघाले की लोक ‘जातच तशी’ म्हणून मोकळे होतात. शेपटीच्या बाबतीत म्हण खरी असेलही. दातांच्या बाबतीत मात्र ती साफ खोटी आहे. पिल्लू पुढे चावरे होणार की माणसाळणार, हे बहुतांशी पहिल्या चार-सहा महिन्यांत घरातली माणसे त्याच्याशी कशी वागतात त्यावर ठरते. आरोग्याच्या सदरात कुत्र्याच्या पिल्लाचे काय काम, असे कोणी विचारील. पण घरच्या पिल्लाचा दात हा घराच्या आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि त्याकडे थट्टेने पाहण्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते.

प्रथम पिल्लू चावते का, ते पाहू. पिल्लाला जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. हे दात एकूण २८ असतात, आणि सुईसारखे टोकदार. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात व सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावते. शिवाय लहान मूल जशी प्रत्येक वस्तू हाताने चाचपून पाहते, तसे पिल्लू तोंडाने पाहते. यात राग नसतो, वैर नसते.

दात किती जोराने लावावा हे पिल्लाला शिकवते ती त्याची आई आणि भावंडे. खेळताना जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. दूध पिताना दात लागला की आई उठून जाते. असे रोज अनेकदा घडते आणि पिल्लाच्या डोक्यात पक्के बसते, की जोरात चावले की खेळ संपतो. हे शिक्षण पुरे व्हायला निदान आठ आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र डोळे उघडले, चार पावले चालू लागले, की महिन्याभराचे पिल्लू आईपासून उचलून आणण्याची घाई असते. शाळेत पाऊल टाकण्याआधीच नाव काढून घेतलेल्या मुलासारखी मग त्याची गत होते, आणि आई-भावंडांचे अर्धे राहिलेले काम आपल्याला करावे लागते.

ते काम आपण कसे करतो? पिल्लू चावले की नाकावर टिचकी, पाठीत चपाती, नाहीतर वहाण. या मारझोडीला माझा ठाम विरोध आहे, आणि तो केवळ भूतदयेपोटी नाही. माराने पिल्लू चावायचे थांबत नाही. ते एवढेच शिकते, की माणसाचा हात जवळ आला म्हणजे दुखते. मग तोच हात उद्या कुरवाळायला पुढे झाला तरी ते आधी दात दाखवते. गुरगुरल्याबद्दल मार बसला तर ते गुरगुरणे सोडते आणि सूचना न देता एकदम चावते. ‘काही केले नसताना चावला’ अशी ज्यांच्याबद्दल तक्रार असते, त्या कुत्र्यांतल्या अनेकांचे गुरगुरणे असे आधीच मारून टाकलेले असते.

मग करावे काय? रीत सोपी आहे. फक्त चिकाटी लागते. पिल्लाने हातात दात रुतवला की हात हिसकू नये. हिसकला की त्याला तो खेळच वाटतो आणि ओरखडाही मोठा होतो. हात सैल सोडावा, खेळ थांबवावा, पाठ फिरवून पंधरा-वीस सेकंद त्याच्याकडे अजिबात पाहू नये. शांत झाले की पुन्हा खेळावे आणि हाताऐवजी चघळण्याजोगी वस्तू पुढे करावी. जुन्या सुती फडक्याला घट्ट गाठी मारून, ते ओले व गार करून दिले तर शिवशिवणाऱ्या हिरड्यांना बरे वाटते. गाठी सुटून चिंध्या पोटात जात नाहीत ना, इकडे लक्ष ठेवावे. शिजवलेल्या कोंबडीची हाडे मात्र कधीही देऊ नयेत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. बोटे नाचवून, पाय पुढे करून पिल्लाला चिथावण्याचा खेळ घरात सर्वांनीच बंद करावा. आजोबांनी हात चावू द्यायचा आणि आईने त्याबद्दल ओरडायचे, असे झाले तर पिल्लाने शिकावे काय? नियम सगळ्या घराचा एकच हवा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. पाहुण्यांनी, मुलांनी सतत उचलून झोपमोड केली की ते कातावते आणि अधिकच चावते. त्याला एक शांत कोपरा द्यावा आणि तिथे त्याला कोणी हात लावू नये.

घरात आधीचा कुत्रा किंवा मांजर असेल तर ओळख करून देण्याचीही रीत आहे. पहिल्या दिवशी दोघांना एकमेकांसमोर उभे करून ‘बघू काय करतात’ म्हणणे हे माणसाच्या करमणुकीचे झाले. आधी पिल्लाला पशुवैद्यांना दाखवून जंताचे औषध व वयानुसार लशी सुरू कराव्यात. अंगावरच्या गोचिडा-पिसवांचा बंदोबस्त करावा. दोनएक आठवडे वेगळ्या खोलीत किंवा पडवीत ठेवावे, म्हणजे एखादा रोग अंगात असेल तर तो कळून येईल. तेवढ्यात एकाच्या अंथरुणाचे फडके दुसऱ्याजवळ ठेवून वासाची ओळख करून द्यावी. कुत्र्यांच्या जगात नावगाव असते ते वासातच. मग घराबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागी, दोन माणसांनी दोन साखळ्या सैल धरून पाच-दहा मिनिटे भेट घडवावी, आणि हळूहळू वेळ वाढवावी. खाण्याची भांडी कायम वेगळी आणि लांब ठेवावीत. जुना कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नये. तो पिल्लाला शिस्त लावत असतो. अंगावर धावून गेला, तर मात्र शांतपणे दोघांना वेगळे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. मांजराला उंचावर चढून बसायला फळी किंवा कपाट मोकळे ठेवावे. पळायला वाट असली की तेही धिटावते. जुन्याचे लाड मुळीच कमी करू नयेत. धाकट्या भावंडाच्या आगमनाने थोरले मूल रुसते, त्यातलाच हा प्रकार.

लहान मुलांचे काय? पाच-सहा वर्षांखालचे मूल आणि पिल्लू यांना एकटे सोडू नये, मग ते कितीही गरीब असो. खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही, हा धडा मुलाला अक्षरओळखीआधी मिळायला हवा.

आता मुख्य मुद्दा. ‘पिल्लाच्या दाताला विष नसते’, ‘दुधाचे दात, काही होत नाही’, ‘घरचेच आहे, बाहेरचे थोडेच’ असे समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहेत. ते घातक आहेत. पिसाळ रोग, म्हणजे रेबीज, हा विषाणूमुळे होतो आणि तो लाळेतून पसरतो. दात दुधाचा की पक्का, हे त्याला ठाऊक नसते. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला त्याआधी एखादा पिसाळलेला कुत्रा चावला आहे की नाही, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. पिल्लाला रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात. म्हणजे ज्या वयात ते सर्वांत जास्त चावते, नेमके त्याच वयात बहुधा त्याला लसीचे संरक्षण नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात आणि त्यांतली सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. पण चावल्यानंतर वेळेवर उपाय केला तर रोग हमखास टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली आणि तो वाचला, त्यालाही आता शतक उलटून गेले.

म्हणून दात लागला किंवा नखाचा ओरखडा उठला की पहिले काम जखम धुण्याचे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मग आयोडीनसारखे जंतुनाशक. तिखट, चुना, हळद, तेल, राख यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पट्टी करकचून बांधू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त न येता नुसते खरचटले असेल तर लस; रक्त आले असेल किंवा आधीच्या जखमेवर लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आता पुसून टाकावी. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आजची लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ व २८ व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायची असेल तर यांशिवाय १४ व्या दिवशीही. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे हे खरे, पण ते लस सुरू करून; लस न घेता वाट पाहत बसणे म्हणजे जुगार होय. दहा दिवसांनंतरही कुत्रा ठणठणीत असेल तर पुढच्या मात्रांचे काय करायचे, ते डॉक्टर ठरवतील.

पण एवढे सगळे माहीत असूनही मुले दगावतात, ती का? माझ्या मते याचे एक मोठे कारण घरातल्या धाकात आहे. पिल्लू चावले की ज्या घरात पिल्लाला मार बसतो, मुलाला बोलणी बसतात आणि ‘उद्याच नेऊन सोडतो त्याला’ अशी धमकी मिळते, त्या घरातले मूल पुढच्या वेळी चावल्याचे सांगतच नाही. बाही खाली ओढते, ‘काटा लागला’ म्हणते. मित्राला वाचवल्याचे समाधान त्याला मिळते. पण हा रोग उमटायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि तोवर त्या ओरखड्याची आठवणही कोणाला राहत नाही. म्हणजे पिल्लावर उगारलेला हात शेवटी मुलाच्या जिवावर उठतो. चावल्याचे सांगितले तर कोणालाच शिक्षा होणार नाही, हा भरवसा मुलाला हवा. लस ही डॉक्टरने टोचायची; पण ती टोचली जाईल की नाही हे ठरते घराच्या ओसरीवर.

दुसरे कारण सोडून देण्याचे. चार-पाच महिन्यांचे पिल्लू आवरत नाही म्हणून बाजारात, एस.टी. स्टँडवर किंवा गावकुसाबाहेर सोडणारे आपल्यात कमी नाहीत. आपण चावायला शिकवलेले, लस न टोचलेले जनावर आपण दुसऱ्याच्या मुलांत सोडतो, आणि मग भटक्या कुत्र्यांबद्दल नगरपालिकेकडे अर्ज करतो! नगरपालिकेची जबाबदारी आहेच. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम नेटाने चालवली गेली, आणि २०२१ मध्ये ते राज्य ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. शेजारी जे जमले ते आपल्या जिल्ह्यात का जमू नये? दरवर्षी २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी भाषणांऐवजी प्रत्येक प्रभागात कुत्र्यांना लस टोचण्याचे शिबिर भरवावे.

जाता जाता एक सूचना. शेतात सापडले म्हणून मुंगसाचे पिल्लू घरी आणून पाळणारे काही हौशी असतात. मुंगूस हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे. त्याला पाळता येत नाही. त्याच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो. तिथे माणसाळवण्याचा प्रयोग नको, वनखात्याला कळवावे.

ज्यांच्या घरी आज पिल्लू आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्याच्या लशीची तारीख लिहून घ्यावी. आणि संध्याकाळी मुलांना जवळ बसवून सांगावे, की चावले तर आधी साबण, मग आम्हाला हाक. रागावणार कोणी नाही.