बहीण सरकारची, ओटीपी नवऱ्याचा!

2025च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने 'लाडकी बहीण' योजनेतल्या आपल्या बहिणींना फर्मान सोडले. दरमहा दीड हजार रुपये हवे असतील तर ई-केवायसी करा आणि स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी करून द्या. बोगस लाभार्थी शोधायलाच हवेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जिला नवऱ्याने दहा-बारा वर्षांपूर्वी अंगावरच्या कपड्यानिशी घराबाहेर काढले, तिने काय करायचे? त्याचा आधार क्रमांक एखाद्या जुन्या झेरॉक्सवर सापडेलही. ओटीपी मात्र जातो त्या क्रमांकाला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल असतो दुसरा संसार थाटून बसलेल्या त्या गृहस्थाच्या खिशात. ज्याने टाकले त्याच्याच दारात जाऊन तिने विचारायचे, "अहो, तेवढा नंबर सांगता का?"

ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरात सरकारला जाग आली. पती किंवा वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचे प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश जमा करा, अशी सवलत निघाली. विधवा सुटली, घटस्फोटिता सुटली. जिच्याकडे ना मृत्यूचा दाखला ना कोर्टाचा कागद, ती टाकलेली बाई अधांतरीच राहिली. तिचा नवरा मेला नाही आणि त्याने तिला रीतसर सोडलेही नाही, एवढाच तिचा अपराध!

ही कुणा संगणकवाल्याची चूक आहे असे सांगून कोणी आमची समजूत काढू नये. बाईला तिच्या पुरुषावरून ओळखायचे, हीच योजनेच्या पहिल्या दिवसापासून सरकारची नजर आहे. 28 जून 2024च्या शासन निर्णयात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्या बायका होत्या. लग्नच न केलेली बाई त्यात नव्हती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात दुरुस्ती झाली, तीही कशी? तर कुटुंबातील केवळ एका अविवाहित महिलेला लाभ. एका घरात तिशी-पस्तिशीच्या दोन अविवाहित बहिणी असतील, दोघीही शिलाईकाम करून पोट भरत असतील, तर कोणती बहीण लाडकी आणि कोणती नावडती हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचे काय? शेजारच्या मध्य प्रदेशाने 2023 साली 'लाडली बहना' आणली, तिच्यात तर अविवाहितेला जागाच ठेवली नाही. लग्न हा त्यांच्या लेखी बाईचा जन्मदाखला आहे!

आता दुसरे टोक पाहा. लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. संजय गांधी निराधार योजना ही विधवा, परित्यक्ता, निराधार यांच्यासाठी कितीतरी आधीपासूनची. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये! महिन्याला साडेसतराशे. धुणीभांडी करणारी विधवा दोन घरची कामे धरते आणि या मर्यादेच्या वर जाते. मग तिने 21,000चा खोटा दाखला काढायचा. तो काढायला किती पडतात हे तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारा कोणीही एजंट सांगेल. नवरा असलेल्या बाईची गरिबी अडीच लाखांपर्यंत खरी आणि नवरा नसलेलीची एकवीस हजारांच्या वर खोटी, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? केंद्र सरकारचा पराक्रम याहून थोर. दारिद्र्यरेषेखालच्या 40 ते 79 वयाच्या विधवेसाठी दिल्लीचा वाटा महिन्याला 300 रुपये. हा आकडा 2012 सालचा आहे. त्यानंतर खासदारांचे पगार वाढले, भत्ते वाढले, निवृत्तिवेतने वाढली. विधवेचे तीनशे जागचे हललेले नाहीत. चाळिशीच्या आत वैधव्य आलेल्या बाईला तर ही योजना विधवाच मानत नाही.

2011च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, विभक्त आणि अविवाहित मिळून देशात सात कोटींहून अधिक एकल स्त्रिया होत्या. त्यानंतर करोना येऊन गेला आणि ऐन तिशीतल्या कितीतरी बाया एका रात्रीत कर्जदार झाल्या, कारण दवाखान्याचे बिल आणि मयताचा खर्च सावकाराकडून उचललेला होता. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती' उभी करून तालुक्यातालुक्यात पाठपुरावा केला, म्हणून सरकारी कचेऱ्या काही काळ तरी हलल्या.

पण कागदाचे सोडा, बांधावर चला. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती माणसाला देत नाही, कोयत्याला देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडणार, ती पाचट सारणार, मोळी बांधणार आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणार. कामात वाटा बरोबरीचा. उचल मोजली जाते त्याच्या हातात. एकटा गडी अर्धा कोयता. एकटी बाई? तिला मुकादम दारात उभी करत नाही. भाऊ, दीर, पोरगा कोणी तरी जोडीला आण, मग बघू. म्हणून चौदा वर्षांचा मुलगा शाळा सोडून विधवा आईचा जोडीदार होतो. म्हणूनच हंगामाच्या तोंडावर गावोगाव घाईची लग्ने लागतात, कारण पोराला कोयता पुरा करायचा असतो आणि नवरी सोळाचीही नसते. बालविवाह म्हणजे अज्ञान, असे शहरातले शहाणे म्हणतात. अज्ञान कसले? तो रोकडा हिशेब आहे. जोडीला पूर्ण उचल आणि एकट्याला अर्धी असेल, तर पोरीचा बाप गणितात कच्चा नाही! साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर कोण बसतात हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेच विधानसभेत बालविवाहावर गहिवरून बोलतात. त्यांनी पुढच्या हंगामापासून उचल माणशी द्यावी आणि बाईची बाईच्या खात्यात टाकावी. त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना दिल्लीची परवानगी.

कायद्याच्या घरात तरी न्याय असेल म्हणून पाहावे, तर तिथे अंधार अधिक. हिंदू वारसा कायदा, 1956, कलम 15. मूलबाळ आणि नवरा नसलेली बाई मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वतःच्या कमाईचे वारस आधी नवऱ्याचे वारस आणि त्यांच्यानंतर तिचे आईबाप. पुरुषाच्या मिळकतीत त्याच्या सासरच्यांना मात्र कोणत्याच पायरीवर स्थान नाही. याचा अर्थ काय होतो ते नारायणीदेवीच्या खटल्यात दिसले. 1955 साली लग्न झाले आणि तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईबापांनी शिकवले, ती नोकरीला लागली. चाळीस वर्षे सासरच्या माणसांनी तिची विचारपूस केली नाही. 1996 साली ती वारली. मागे बँकेतील ठेवी, भविष्य निर्वाह निधी, बरीच मिळकत. तिची आई वारसा मागायला कोर्टात गेली आणि सासरचेही हक्क सांगत आले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रकरण कठीण आहे खरे, पण सहानुभूतीवर कायदा चालत नाही. मिळकत सासरच्यांची! लग्नच झाले नसते तर तीच मिळकत निर्विवाद आईबापांकडे गेली असती. तीन महिन्यांच्या संसाराने चाळीस वर्षांची कमाई गिळली. या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. विधी आयोगाने 2008 सालीच ते बदलण्याची शिफारस केली होती. संसद मात्र गप्प आहे.

1856च्या विधवापुनर्विवाह कायद्याचे आपण गोडवे गातो. त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता, हे पाठ्यपुस्तकात कोणी लिहीत नाही. जोतीरावांनी 1863 साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, ते फसवल्या गेलेल्या एकट्या बाईसाठी. आगरकरांनी 'सुधारका'तून केशवपनावर आसूड ओढले, तेव्हा त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढणारे सनातनी निदान उघड तरी होते. आजचे सनातनी योजनेच्या अर्जात रकाने आखतात.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 साली केली, म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. त्या दुरुस्तीतून 22 जून 1994पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. एकाच आईच्या दोन लेकी, एकीचे लग्न मे महिन्यात झाले, दुसरीचे व्हायचे होते; पहिलीला साडीचोळी, दुसरीला वाटा. 2005च्या केंद्रीय कायद्याने ती भानगड मिटवली, तोवर अकरा वर्षे गेली. विवाहिता आणि अविवाहिता यांच्यातली ही भिंत सरकार कधी या बाजूने बांधते, कधी त्या बाजूने. बाईला व्यक्ती म्हणून मोजायचे नाही, एवढे मात्र दोन्ही वेळी सांभाळते. प्राप्तिकरातही हाच खेळ पूर्वी होता. 1955-56च्या अंदाजपत्रकात आपलेच चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना विवाहितांना 2,000 रुपयांपर्यंत करमाफी होती, अविवाहितांना फक्त 1,000. तो भेद पुढे संपला. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने वेगळी करसवलत घेण्याची सोय आजही आहे. तिचा दरवाजा लग्नाच्या बोहल्यावरून उघडतो.

राजकारणाला एकटी बाई कधी दिसते? आमदार वारला म्हणजे. मग त्याच्या पत्नीला तिकीट, सहानुभूतीची लाट, गुलाल. 2022 साली अंधेरी पूर्वेत आणि 2023 साली चिंचवडला हेच झाले. त्या भगिनींबद्दल आम्हांला आदर आहे. आमचा प्रश्न पक्षांना आहे. आमदाराच्या विधवेत ज्यांना नेतृत्व दिसते, त्यांना शेतकऱ्याची विधवा का दिसत नाही? तिच्या नवऱ्याच्या आत्महत्येवर सरकारी समिती 'पात्र' की 'अपात्र' असा शिक्का मारते. पात्र ठरली तर लाखभर रुपये, त्यातले सत्तर हजार ठेवीत अडकवलेले. जमीन सासऱ्याच्या नावावर. फेरफाराला दीर हरकत घेतो. रेशनकार्डावर नाव सासरी, राहते माहेरी. नाव कमी केल्याचा दाखला सासरच्या गावाहून आणा म्हणतात, तो आणायला गेली तर दार उघडत नाहीत. ही बाई मते देते, पण ती कोणाची मतपेढी नाही. गावात मते भावकीने मोजतात आणि ती कोणत्याच भावकीत धरलेली नाही. पुरुष अविवाहित असला की त्याच्या त्यागाचे पोवाडे. बाई अविवाहित राहून निवडणुकीला उभी राहिली की पारावर पहिला प्रश्न तिच्या चारित्र्याचा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्या गावाला आमचा मानाचा मुजरा! सरकारने लगेच परिपत्रक काढून इतर गावांनी कित्ता गिरवावा असे कळवले. परिपत्रक फुकट निघते. बांगड्या हातात राहिल्या, सातबारावर नाव कधी चढणार? आणि खाप पंचायतींचा म्हणून ज्या हरियाणाला आपण हिणवतो, त्याने 2023 साली 45 ते 60 वयाच्या अल्प उत्पन्नाच्या अविवाहित स्त्री-पुरुषांना दरमहा 2,750 रुपये निवृत्तिवेतन जाहीर केले. त्यामागे मतांचे गणित असेल, गर्भातच मुली मारल्याने बिनलग्नाचे राहिलेले तरुण असतील. तरीही लग्न न झालेला माणूस म्हातारा होतो, हे त्या सरकारला कळले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्यांना अजून कळलेले नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. एकट्या बाईला सासरच्या दाखल्याशिवाय स्वतंत्र रेशनकार्ड द्या. परित्यक्तेचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा किंवा वॉर्डसभेचा ठराव पुरेसा माना. निराधार योजनेची मर्यादा लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाख करा. 'कुटुंबातील केवळ एक' हे शब्द शासन निर्णयातून खोडा. कोणत्याही योजनेत बाईची ओळख तिच्याच अंगठ्यावर आणि तिच्याच मोबाइलवर पटवा. महाराष्ट्रातल्या खासदारांनी कलम 15 बदलण्याचे विधेयक मांडावे. खासगी विधेयक मांडायला पक्षश्रेष्ठींची वाट पाहावी लागत नाही.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर मूल नसलेल्या प्रत्येक कमावत्या हिंदू विवाहितेला आणि विधवेला आमचे सांगणे आहे, की बाई, आजच मृत्युपत्र कर. साधा कागद चालतो. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तुझी सही आणि ज्यांना त्यात काही मिळायचे नाही अशा दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.